नाताळाची आवराआवर व सुटीचा शेवटचा दिवस

विद्यार्थिमित्रहो, नाताळाची तयारी कशी करावी हे आपणांस कोणी शिकवावे लागत नाही. चांदणी टांगणे, गव्हाणीचा देखावा मांडणे, करंज्या तळणे या कामांस घरातील सर्व हात पुढे येतात. परंतु सण आटोपल्यावर, मांडलेले उतरविण्यास मात्र बहुधा एकटी आईच उरते. हे आवरण्याचे काम केव्हा, कसे व कशासाठी करावे, याचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे.

प्रथम केव्हा ते पाहू. नाताळ हा एकाच दिवसाचा सण नव्हे. इ. स. ५६७ मध्ये आजच्या फ्रान्समधील टूर येथे भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्तजन्मापासून ख्रिस्तप्रकटीकरणापर्यंतचे दिवस सणाचे मानिले. २५ डिसेंबरपासून मोजता ५ जानेवारी हा बारावा दिवस होय. व ६ जानेवारी हा पूर्वेकडील मागी लोक बाळ येशूच्या दर्शनास आले त्याच्या स्मरणाचा दिवस. यावरून इंग्लंडात या सुमारास सजावट उतरविण्याची चाल पडली. कोठे कोठे ती २ फेब्रुवारीपर्यंतही ठेवितात. कारण जन्मानंतर चाळिसाव्या दिवशी बाळास मंदिरात नेल्याचे स्मरण त्या दिवशी करितात.

आमच्या सातारा प्रांती या चालीस हवेचाही आधार आहे. जानेवारीत हवा कोरडी असते. तेव्हा पेटीत ठेविलेली वस्तू कोरडीच राहते. ओलसर ठेविलेल्या वस्तूस मात्र बंद पेटीत बुरशी धरते. म्हणून कागद, कामट्या व कापड यांस आधी एक प्रहर ऊन दाखवावे. मातीच्या मूर्ती ओल्या फडक्याने पुसू नयेत, रंग जातो. कोरड्या फडक्याने धूळ झाडून जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात एकेक निराळी गुंडाळावी. गव्हाणीतील गवत जपून ठेवू नये, त्यात किडे होतात. ते गुराढोरांस घालावे. मेणबत्त्या मूर्तींशेजारी कधीही ठेवू नयेत, कारण उन्हाळ्यात मेण मऊ होऊन सर्वांस चिकटते. विजेच्या दिव्यांची माळ पुठ्ठ्यावर गुंडाळिली म्हणजे तारेस पीळ पडत नाही. शेवटी वाळविलेला कडुनिंबाचा पाला घालून पेटी भिंतीपासून दूर, उंचावर ठेवावी, म्हणजे वाळवीचे भय कमी.

हे ज्ञान मला फुकट मिळालेले नाही. माझी आई वारली त्या वर्षी, तिने स्वहस्ते केलेली चांदणी ओसरीवरून उतरविणे माझ्या जिवावर आले. ती उतरविली तर आई पुन्हा एकदा घरातून जाईल, असे मनाने घेतले. आज उतरवू, उद्या उतरवू, असे करिता करिता मृग लागला. एका रात्रीच्या पावसाने कागदाचा लगदा झाला व सकाळी कामट्या तेवढ्या हाती आल्या. जे प्रेमाने राखावयाचे ते वेळेवर आवरावे लागते, हे मला तेव्हा कळले. आईने ती चांदणी वर्षानुवर्षे टिकविली होती, ती टांगून नव्हे, तर दर जानेवारीत उतरवून.

आवरलेले घर मात्र ओके ओके दिसते व मुले हिरमुसतात. म्हणून आमच्या घरी आवराआवरीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सुटीच्या शेवटच्या दिवशी, लहानशा प्रवासास जाण्याचा परिपाठ आहे. त्याचा नियम एकच: गेल्या वाटेने परतावयाचे नाही. हेरोदाकडे जाऊ नये अशी स्वप्नात सूचना झाल्यावरून मागी लोक दुसऱ्या वाटेने स्वदेशी गेले, असे मत्तय सांगतो. त्यावरूनच आम्ही हा नियम घेतला. पहाटे साताऱ्याहून निघून वाईस कृष्णेच्या घाटावर न्याहारी करावी, पसरणीच्या घाटाने पाचगणीवरून महाबळेश्वरास जावे. या दिवसांत कडाक्याची थंडी पडली तर तेथे वेण्णा तलावाकाठी पहाटेचे दवही गोठते, आणि मळ्यांत स्ट्रॉबेरी पिकलेली असते. परतताना केळघरच्या घाटाने मेढ्यावरून उतरावे.

या वाटांत एक गंमत आहे. कृष्णा व वेण्णा या दोघीही महाबळेश्वरच्या. एक वाईकडून, दुसरी मेढ्याकडून, अशा निरनिराळ्या खोऱ्यांतून त्या वाहतात आणि साताऱ्यानजीक माहुली येथे पुन्हा एकमेकींस भेटतात. दिवसभरात आपण एकीच्या खोऱ्याने चढतो व दुसरीच्या खोऱ्याने उतरतो. माहुलीच्या संगमावर दिवस मावळताना, उद्या शाळा आहे हे मुलांस सांगावे लागत नाही. ती आपण होऊनच घरी चला म्हणतात.

तरी मित्रहो, यंदा आईने पेटी काढिली की तिच्या शेजारी जाऊन बसा. कोणती मूर्ती कोणत्या फडक्यात गुंडाळावयाची हे तिला ठाऊक आहे. ते तिच्याकडून आताच शिकून घ्या.