आईल ऑफ मॅन टीटी: बेट छोटं, प्रेक्षक हजारो, मग स्वस्तात राहायचं कुठे?

मे महिन्याच्या अखेरीस आयरिश समुद्रातल्या एका छोट्या बेटावरचे रोजच्या वापरातले रस्ते ठरावीक वेळी बंद केले जातात. एरवी ज्या रस्त्यांवरून शाळेच्या बस आणि दुधाच्या गाड्या जातात, त्यांवरून मोटारसायकली ताशी ३०० किलोमीटरहून जास्त वेगाने धावतात. ही आहे 'आईल ऑफ मॅन टीटी', म्हणजेच टुरिस्ट ट्रॉफी. जगभरातल्या बाइकवेड्यांच्या यादीत ही शर्यत बहुतेकदा पहिल्या पाचांत असते.

गंमत म्हणजे शर्यत पाहणं फारसं महाग नाही. ती सार्वजनिक रस्त्यांवर होते, त्यामुळे अनेक ठिकाणी रस्त्याकडेच्या बांधावर बसून ती फुकट पाहता येते. स्टँडमधल्या आसनांना आणि काही मोक्याच्या जागांना तेवढं तिकीट असतं. खिसा रिकामा होतो तो मुक्कामात. इथे स्वस्तात राहणं अशक्य नाही, पण त्यासाठी बेटाचं गणित आधी समजून घ्यावं लागतं.

टीटी म्हणजे नेमकं काय?

आईल ऑफ मॅन हे इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधोमध असलेलं बेट. ते युनायटेड किंग्डमचा भाग नाही. ते ब्रिटिश राजसत्तेच्या अधीन असलेलं स्वशासित बेट आहे आणि त्याची स्वतःची संसद आहे. क्षेत्रफळ सुमारे ५७२ चौरस किलोमीटर आणि २०२१च्या जनगणनेनुसार लोकसंख्या साधारण ८४ हजार. राजधानी डग्लस.

टीटीची सुरुवात १९०७ मध्ये झाली. १९११ पासून ती डोंगरावरून जाणाऱ्या लांब मार्गावर होऊ लागली. आजच्या 'माउंटन कोर्स'ची एक फेरी जवळपास ६०.७ किलोमीटरची आहे आणि तिच्यात दोनशेहून जास्त वळणं आहेत. पीटर हिकमन या ब्रिटिश रायडरने २०२३ मध्ये ही फेरी ताशी सरासरी १३६.३५८ मैल, म्हणजे जवळपास २१९ किलोमीटर वेगाने पूर्ण केली होती.

स्पर्धा साधारण दोन आठवडे चालते. पहिला आठवडा मुख्यतः सराव आणि पात्रता फेऱ्यांचा, दुसरा शर्यतींचा. या काळात ४० हजारांच्या आसपास पाहुणे येतात. म्हणजे बेटावरच्या दर दोन रहिवाशांमागे जवळपास एक पाहुणा.

मग हॉटेलं का बांधत नाहीत?

याचं उत्तर बेटाच्या इतिहासात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आईल ऑफ मॅन हे उत्तर इंग्लंडमधल्या गिरणी कामगारांचं आवडतं सुट्टीचं ठिकाण होतं. १९१३च्या उन्हाळ्यात इथे सहा लाखांहून जास्त पर्यटक आले होते. डग्लसच्या समुद्रकिनारी लॉजिंग-बोर्डिंगच्या इमारतींची लांबच लांब रांग उभी राहिली ती याच काळात.

पुढे विमानप्रवास स्वस्त झाला आणि ब्रिटिश पर्यटक स्पेनच्या उन्हाकडे वळले. बेटाने आपला मोर्चा बँकिंग आणि वित्तसेवांकडे वळवला. किनाऱ्यावरच्या कितीतरी हॉटेलांच्या जागी फ्लॅट आणि ऑफिसं आली. वर्षातून दोन आठवडे भरणारं आणि उरलेला बराच काळ निम्मं रिकामं राहणारं हॉटेल चालवणं कोणाला परवडणार?

त्यामुळे खोल्या मोजक्या आणि मागणी प्रचंड. टीटीच्या काळात दर चढतात. अनेक ठिकाणी एक-दोन रात्रींसाठी खोली मिळतच नाही, थेट चार-पाच रात्रींचं किंवा पूर्ण आठवड्याचं बुकिंग करावं लागतं. शिवाय दरवर्षी येणारे जुने पाहुणे निघतानाच पुढच्या वर्षाची खोली सांगून जातात. नव्या माणसाच्या वाट्याला उरलेलंच येतं.

आधी बोट, मग खोली

टीटीला पहिल्यांदा जाणारे बहुतेक जण आधी खोली शोधतात. बेटावर हा क्रम उलटा ठेवावा लागतो.

बेटावर पोहोचण्याचे मार्ग दोनच: बोट किंवा विमान. प्रवासी बोटी 'आईल ऑफ मॅन स्टीम पॅकेट' ही १८३० मध्ये सुरू झालेली कंपनी चालवते. इंग्लंडमधल्या हीशॅम आणि लिव्हरपूल या बंदरांतून मुख्य फेऱ्या होतात. हीशॅमहून पावणेचार तासांच्या आसपास लागतात, लिव्हरपूलहून जलद बोटीने पावणेतीन तास. बोटीत गाड्यांसाठीची जागा ठरलेली असते आणि टीटीसाठी ती कितीतरी महिने आधी भरते. खोली घेऊन ठेवली आणि बोटच मिळाली नाही, तर त्या खोलीचा उपयोग शून्य.

म्हणून आधी येण्या-जाण्याच्या तारखा पक्क्या करायच्या, मग तेवढ्याच रात्रींची खोली शोधायची. पायी प्रवासी म्हणून गेलात तर जागा मिळण्याची शक्यता जास्त आणि भाडंही कमी. हीशॅमहून मध्यरात्रीनंतर सुटणारी बोट पहाटे डग्लसला पोहोचते. ती घेतली की एका रात्रीचं भाडं वाचतं, मात्र झोप खुर्चीतच काढावी लागते.

विमानाने जाणाऱ्यांसाठी मँचेस्टर, लंडन, डब्लिन अशा शहरांतून बेटावरच्या रोनाल्ड्सवे विमानतळाला सेवा आहे. भारतातून जाणाऱ्यांना आधी ब्रिटन किंवा आयर्लंड गाठावं लागतं आणि व्हिसाही लागतो. पूर्ण पैसे परत मिळण्याची अट नसेल, तर व्हिसा हातात येण्याआधी मुक्कामाचे सगळे पैसे भरणं धोक्याचं.

स्वस्त मुक्कामाचे तीन पर्याय

एक, होमस्टे. एरवी बेटावर पैसे घेऊन पाहुणे ठेवायचे तर पर्यटन निवासासाठीची रीतसर नोंदणी लागते. पण टीटीच्या गर्दीसाठी बेटाच्या प्रशासनाने वेगळी योजना ठेवली आहे. सामान्य रहिवासी आपल्या घरातली रिकामी खोली पर्यटन विभागाकडे नोंदवून या काळापुरती पाहुण्यांना देऊ शकतात. घरातली मुलं शिक्षणासाठी बाहेर गेलेली असतात, त्यांची खोली पाहुण्याला मिळते. बहुतेकदा सकाळचा नाश्ताही त्यात असतो.

यात दोघांचाही फायदा आहे. पाहुण्याला हॉटेलपेक्षा कमी दरात खोली मिळते आणि कोणत्या वळणावर बसलं की शर्यत चांगली दिसते, हे सांगणारा माणूस घरातच भेटतो. यजमानाला वर्षातून एकदा चार पैसे मिळतात. रस्ते बंद, आवाज, गर्दी असा शर्यतीचा त्रास बेटावरच्या प्रत्येकाला होतो. होमस्टेमुळे तिच्या कमाईतला थोडा वाटा सामान्य घरांपर्यंतही पोहोचतो. एकट्याने जाणाऱ्यासाठी किंवा दोघांसाठी हा पर्याय सर्वांत सोयीचा. सहा-आठ जणांच्या ग्रुपला मात्र वेगवेगळ्या घरांत विखुरून राहण्याची तयारी ठेवावी लागते.

दोन, तंबू. सर्वांत स्वस्त पर्याय हाच. कायमच्या कॅम्पिंग साइट तर आहेतच, शिवाय टीटीच्या काळात फुटबॉल आणि रग्बी क्लब आपली मैदानं तंबूंसाठी खुली करतात. क्लबची स्वच्छतागृहं, अंघोळीची सोय, कुठे कुठे सकाळचा नाश्ता, असं सगळं एकाच आवारात मिळतं आणि पैसे क्लबच्या तिजोरीत जातात. स्वतःचा तंबू नेणं शक्य नसेल, तर आधीच उभारलेले तंबूही भाड्याने मिळतात. अर्थात त्यांचा दर जास्त असतो.

पण जून म्हणजे ऊन, असं समजून जाऊ नये. हे बेट वाऱ्याचं आणि पावसाचं आहे, रात्री चांगलीच थंडी पडते. उबदार स्लीपिंग बॅग आणि पाऊस झेलणारा तंबू नसेल, तर वाचवलेले पैसे दुसऱ्याच दिवशी हॉटेलवाल्याला द्यावे लागतील. मनाला येईल तिथे, कोणाच्याही शेतात किंवा किनाऱ्यावर तंबू ठोकता येत नाही. त्यासाठी जागामालकाची परवानगी लागते.

तीन, डग्लसबाहेरची गावं. शर्यतीची सुरुवात आणि शेवट डग्लसला होतो, म्हणून सगळ्यांची पहिली धाव तिथेच असते. पण बेट लांबीला जेमतेम ५० किलोमीटर आहे. दक्षिणेकडची पोर्ट एरिन आणि कॅसलटाऊन, पश्चिमेचं पील, पूर्वेचं लॅक्सी ही गावं डग्लसपासून फार लांब नाहीत. बस आहेतच, शिवाय डग्लस ते पोर्ट एरिन वाफेची रेल्वे आणि डग्लस ते रॅमसी किनाऱ्याने जाणारी विजेवरची रेल्वे आहे. दोन्ही रेल्वे एकोणिसाव्या शतकातल्या आहेत आणि आजही प्रवासी नेतात.

नकाशातली मेख

खोली घेताना दर आणि अंतर पाहिलं की काम झालं, असं इथे होत नाही. शर्यतीचा मार्ग म्हणजे एक मोठं वर्तुळ आहे. तो डग्लसहून पश्चिमेला जातो, मग उत्तरेकडे कर्क मायकलवरून रॅमसीला पोहोचतो आणि तिथून डोंगर चढून परत डग्लसला येतो. रस्ते बंद झाले की गाडी घेऊन हे वर्तुळ ओलांडणं फार अवघड होतं. काही ठिकाणी पादचारी पूल आहेत, पण ते पायी जाणाऱ्यांसाठी.

म्हणजे खोली वर्तुळाच्या आत असेल, तर रस्ता उघडेपर्यंत गाडीने बाहेर पडणं अवघड. सकाळची बोट किंवा विमान पकडायचं असेल तर हे महागात पडू शकतं. पोर्ट एरिन, कॅसलटाऊन, पील, लॅक्सी ही गावं वर्तुळाबाहेर आहेत. त्यामुळे तिथे राहणाऱ्यांना येणं-जाणं तुलनेने मोकळं असतं. बुकिंगआधी पत्ता नकाशावर टाकून पाहणं आणि त्या दिवसाचं रस्ते बंद होण्याचं वेळापत्रक तपासणं, ही पाच मिनिटांची मेहनत आहे.

किती रात्री राहायचं?

पैसे वाचवण्यासाठी अनेक जण एका शर्यतीपुरतं, म्हणजे दोन रात्रींचं नियोजन करतात. इथे बेटाचं हवामान आडवं येतं. डोंगरावर धुकं उतरलं की बचावकार्याचं हेलिकॉप्टर उडू शकत नाही आणि हेलिकॉप्टर नसेल तर शर्यत होत नाही. शर्यती तासांनी पुढे जातात, कधी दुसऱ्या दिवशी होतात. २०२५ मध्ये शेवटच्या दिवसाची सीनियर टीटी, म्हणजे सर्वांत मानाची शर्यत, खराब हवामानामुळे रद्दच झाली.

दोनच रात्री राहिलात आणि त्याच दोन दिवशी धुकं आलं, तर सगळा खर्च पाण्यात. त्यापेक्षा महागड्या खोलीत दोन रात्री राहण्याऐवजी त्याच पैशांत होमस्टेमध्ये किंवा तंबूत चार-पाच रात्री राहणं जास्त शहाणपणाचं. बजेट फारच कमी असेल, तर पात्रता फेऱ्यांचा पहिला आठवडा पाहावा. तेच रायडर, त्याच मोटारसायकली, गर्दी मात्र कमी.

आणखी एक मार्ग आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धात याच मार्गावर 'मँक्स ग्रांप्री' होते. १९२३ मध्ये हौशी रायडरांसाठी सुरू झालेल्या या स्पर्धेला टीटीइतकं वलय नाही, म्हणूनच खोली मिळणं सोपं जातं. रस्ता तोच पाहायचा असेल, तर हा सौदा वाईट नाही.

फसवणूक कशी टाळाल?

जिथे खोल्या कमी आणि गरजू जास्त, तिथे खोट्या जाहिराती येतातच. होमस्टे असेल तर तो पर्यटन विभागाकडे नोंदवलेला आहे का, हे आधी विचारावं. अनोळखी व्यक्तीच्या बँक खात्यात पूर्ण रक्कम पाठवू नये, शक्य तिथे कार्डने पैसे भरावेत. आणि स्पर्धाच रद्द झाली तर पैसे परत मिळणार का, हे लेखी घ्यावं. हा प्रश्न हवेतला नाही. पाय-आणि-तोंड या जनावरांच्या रोगाच्या साथीमुळे २००१ मध्ये आणि कोव्हिडमुळे २०२० व २०२१ मध्ये टीटी झालीच नव्हती.

शेवटी नोटांचं एक. बेटाचा स्वतःचा पाउंड आहे आणि त्याची किंमत ब्रिटिश पाउंडाइतकीच आहे. पण बेटावरच्या नोटा इंग्लंडमधले दुकानदार सहसा घेत नाहीत. यजमानाला रोख पैसे दिल्यावर उरलेल्या नोटा परतीच्या बोटीत बसण्याआधीच खर्च कराव्यात किंवा बदलून घ्याव्यात.