धरण भरते तेव्हा वस्ती रिकामी होते!

दिवाळी उलटल्यावर आम्ही काही कार्यकर्ते माजलगावच्या धरणावर गेलो होतो. धरण तुडुंब भरलेले. सिंदफणेचे पाणी आणि पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्याने येणारे पाणी येथे एकत्र होते. काठावर शिदोरी सोडली तेव्हा एक तरुण म्हणाला, "साताऱ्यात कोयनेच्या शिवसागरावर मुनावळ्याला २०२४ साली जलपर्यटन सुरू झाले. मग इथे तंबू आणि बोटी का नकोत?"

प्रश्न रास्त आहे. आमच्या माणसाने पाण्याकडे घागरीपुरतेच पाहायचे काय? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते केवळ तहानेसाठी नव्हे. माणूस म्हणून बरोबरीने काठावर उभे राहण्यासाठी! पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते मजूरमंत्री होते. तेव्हा दामोदर खोऱ्याच्या योजनेत पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार झाला. एकाच पाण्याने अनेकांचे भले व्हावे, ही ती दृष्टी.

पण परतताना जवळच्या एका वस्तीत शिरलो, तर घरोघर कुलपे! दारात म्हातारी माणसे तेवढी. बाकीचे मुकादमाची उचल फेडायला लेकराबाळांसह पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊसतोडीला गेलेले. ते परततात पाडव्याच्या सुमारास. तोवर धरणाचे पाणी खाली गेलेले असते. पर्यटनाचा हंगाम आणि कोयत्याचा हंगाम एकच!

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. माजलगावला पर्यटन जरूर व्हावे. पण कोयत्याच्या हाती वल्हे येणार असेल तरच. बोट चालविणे, जीवरक्षक, तंबू, खानावळ ही कामे धरणात जमिनी गेलेल्यांच्या, मासेमारांच्या आणि ऊसतोड मजुरांच्या सहकारी संस्थांना मिळाली पाहिजेत, बाहेरच्या ठेकेदाराला नव्हेत. बीड शहर याच धरणाचे पाणी पिते. तेव्हा तेल सांडणाऱ्या यंत्रबोटी नकोत, वल्ह्याच्या आणि पायडलच्या बोटी पुरेत. आणि काठाला कुंपण तर मुळीच नको.

नाहीतर पाहुणे बोटीत बसतील आणि आमची पोरे त्यांची उष्टी ताटे उचलतील. बांधवांनो, आराखडा मुंबईत पक्का होण्याआधी आपापल्या ग्रामसभेत उभे राहून हे बोला!