घमेलं कुठून आलं?

माझे बाबा गवंडीकाम करतात. पोलादपूरपासून महाडपर्यंत जिथे काम निघेल तिथे जातात. त्यांना इंग्रजी येत नाही आणि याचे त्यांना फार वाईट वाटते. यंदा माझ्या धाकट्या भावाला इंग्रजी शाळेत घालायचं त्यांच्या मनात आहे. परवा जेवताना म्हणाले, "बाय, आपल्या भाषेवर पोट भरत नाही." मला ते पटलं नाही, पण उत्तरही देता आलं नाही. म्हणून मी गुरुजींना विचारले.

गुरुजींनी उत्तर दिलंच नाही. उलट काम दिलं. म्हणाले, "एक दिवस बाबांच्या तोंडचे शब्द वहीत लिहून आण." रविवारी मी बाबांबरोबर कामावर गेले आणि लिहीत बसले. घमेलं, पिंप, बिजागरी, चावी, मेस्त्री, पगार. मग सिमेंट, स्लॅब, प्लास्टर, पाइप. दुपारी डबा उघडला, त्यात बटाट्याची भाजी. तेही लिहिलं. सोमवारी गुरुजींनी वही पाहिली आणि हसायलाच लागले. पहिली ओळ सगळी पोर्तुगीज भाषेतून आलेली, दुसरी इंग्रजीतून, आणि बटाटासुद्धा पोर्तुगीजांनीच आणलेला! थापी आणि ओळंबा तेवढे आपले.

पोर्तुगीज लोक १४९८ मध्ये वास्को द गामाबरोबर कालिकतला उतरले. १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतला, पुढे वसई आणि आपल्या जिल्ह्यातलं चौल-रेवदंडा. त्यांच्या जहाजांतून नवीन वस्तू आल्या आणि वस्तूंबरोबर नावं आली. पाव, फीत, परात, काजू, अननस. काजू आणि अननस हे शब्द तर पोर्तुगीजांचेही नाहीत. ते दक्षिण अमेरिकेतल्या मूळच्या लोकांचे, तुपी वगैरे भाषांतले. आज त्याच ब्राझीलच्या किनाऱ्यावर लोक पोर्तुगीज बोलतात. तिथे गोरे लोक राहायलाच गेले. मूळचे लोक रोगांनी आणि गुलामीने मेले, आणि त्यांच्या भाषाही बहुतेक गेल्या. त्यांचा शब्द मात्र आपल्या कोकणातल्या झाडावर लटकलेला आहे.

गोव्यातही तसाच प्रयत्न झाला. १६८४ मध्ये तिथल्या व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. लोक घरात कोकणीच बोलत राहिले. गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला आणि १९८७ मध्ये कोकणी तिथली राजभाषा झाली.

सगळ्यात नवल आहे ते रेवदंड्याजवळच्या कोर्लईचं. १७४० मध्ये मराठ्यांनी तो मुलूख घेतला, पोर्तुगीज गेले. पण गडाखालच्या ख्रिस्ती वस्तीत अजून सुमारे हजार माणसं एक वेगळी भाषा बोलतात. तिला ते 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे आमची भाषा. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण वाक्याची चाल मराठीची झालेली! पोर्तुगीज माणूस 'मी पितो पाणी' अशा क्रमाने बोलतो. कोर्लईत आपल्यासारखं क्रियापद शेवटी येतं. म्हणजे राज्य त्यांचं होतं तरी शेजार मराठीचा होता, आणि शेजारानेही भाषा वळवली.

आता आफ्रिकेचं सांगते. १८८४-८५ मध्ये युरोपातल्या देशांनी बर्लिनला बैठक भरवली आणि आफ्रिका वाटून घेण्याचे नियम ठरवले. त्या बैठकीत आफ्रिकेचा एकही प्रतिनिधी नव्हता. तिथे गांबिया नावाची नदी आहे. तिच्या दोन्ही काठांची चिंचोळी पट्टी इंग्रजांकडे आणि भोवतालचा सेनेगल फ्रेंचांकडे गेला. दोन्हीकडे माणसं तीच, वोलोफ आणि मांडिंका बोलणारी. पण एका बाजूच्या मुलांना शाळेत इंग्रजी आणि दुसऱ्या बाजूच्यांना फ्रेंच. सेनेगल १९६० मध्ये आणि गांबिया १९६५ मध्ये स्वतंत्र झाला, तरी सरकारी कागद त्याच भाषांत. समजा, आपल्या सावित्रीच्या आजूबाजूला असं झालं असतं, तर दूरच्या गावी दिलेल्या माझ्या आत्याचा सरकारी कागद आमच्या घरात कोणाला वाचता आला नसता!

आपल्याकडे मे १८१८ मध्ये रायगड इंग्रजांच्या हातात गेला. इंग्रज संख्येने थोडे होते, म्हणून लोकांची भाषा बदलली नाही. पण कचेरी, रेल्वे, दवाखाना त्यांनी आपल्या पद्धतीने चालवला. म्हणून आपण कोर्ट, तिकीट, डॉक्टर म्हणतो. आणि एक गंमत. मराठीचा मोठा कोश मोल्सवर्थ या इंग्रजाने शास्त्र्यांच्या मदतीने केला. तो १८३१ मध्ये छापला गेला. त्याचा सोबती मेजर कँडी याने मराठीत विरामचिन्हे रुजवली. म्हणजे पूर्णविराम राहिला म्हणून माझा जो अर्धा गुण कापला जातो, तो कँडीसाहेबामुळे!

मला इंग्रजी नको असं मी म्हणत नाही. बँकेच्या फॉर्मवर अडायला कोणाला आवडेल? पण २००० सालापासून आपल्यासारख्या मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, हे बाबांना माहीतच नव्हतं. मी पुस्तक दाखवलं तेव्हा ते बराच वेळ पानं उलटत राहिले. भावाचं अजून ठरलेलं नाही.

मग वही हातात घेऊन त्यांनी मलाच विचारलं, "घमेल्याला आपला शब्द कुठला गं?" मला येत नव्हता. चुलीपाशी बसलेली आजी म्हणाली, "पाटी. आमच्या येळेला कामटीची पाटीच व्हती. लोखंडाचं आलं तवापासून घमेलं."