रायफल पुढे, किटली मागे

संपादकांनी मला झांबियाला धाडलं ते आफ्रिकेतल्या सफारीच्या छावणीवर लिहायला. साउथ लुआंग्वातल्या छावणीत वाचकांना हवं ते सगळं आहे. सकाळी उघड्या गाडीतून फेरी होते, आणि अंधार पडल्यावर झोतदिवा घेऊन बिबट्याचा माग काढतात. माझं मन मात्र गुंतलं ते पायी फेरीत, आणि त्या फेरीत जवळजवळ न बोलणाऱ्या दोन माणसांत.

पूर्वेतिहास थोडक्यात सांगते. नॉर्मन कार हा वसाहतकाळातला वन्यजीव अधिकारी. पिकांत घुसणारे हत्ती मारणं हे तरुणपणी त्याचं काम होतं. १९५० साली तो कुंडा समाजाच्या न्सेफू या प्रमुखाकडे गेला आणि म्हणाला, काही जमीन जनावरांसाठी राखा, ती पाहायला येणाऱ्यांचा पैसा तुमच्या लोकांना मिळेल. प्रमुखानं मान्य केलं. पुढे कारनंच पाहुण्यांना गाडीतून उतरवून जंगलात चालायला नेलं. आज साउथ लुआंग्वाचं ९,०५० चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान पायी सफारीसाठीच नावाजलेलं आहे. ताडोब्यात जिप्सीतून पाय खाली टाकायचा नाही हे अंगवळणी पडलेल्या मला तिथली पहिली पावलं टाकताना घसा कोरडा पडला होता.

रांग ठरलेली असते. सर्वांत पुढे वन्यजीव खात्याचा रायफलधारी स्काउट, त्याच्यामागे गाइड, मग एकामागोमाग एक पाहुणे आणि शेवटी चहाचं सामान घेतलेला माणूस. बोलायचं काम गाइडचं. कुठल्या शेणात कोणत्या बिया आहेत, विंटरथॉर्नच्या शेंगांसाठी हत्ती कुठून आले, हे तो हलक्या आवाजात सांगतो. स्काउटची नजर झुडपांवरून हलत नाही.

गाइडच्या हातात राखेची छोटी पिशवी असते. ती झटकली की राख उडते आणि वारा कुठला ते दिसतं. सगळी फेरी या राखेवर चालते, कारण वारा आपल्याकडून हत्तीकडे वाहत असेल, तर आपण त्याला दिसण्याआधीच त्याला कळलेलो असतो. एकदा उंच गवतातून ऑक्सपेकर पक्षी चिरचिरत उडाले आणि स्काउटनं फक्त तळहात मागे केला. हे पक्षी जिथून उठतात तिथे बहुधा रानरेडा असतो. आम्ही आल्या वाटेनं मागे सरलो, लांबचा वळसा घेतला आणि वाळूच्या उंचवट्यावरून कळप पाहिला. मला त्या माणसाचं सगळं कसब त्या तळहातात दिसलं. रायफल खांद्यावरून उतरलीच नाही, आणि तो ती उतरू नये म्हणूनच चालत असतो.

चहा होतो तो लुआंग्वा नदीच्या उंच काठावर, खाली पाणघोडे डुंबत असताना. किटली वाहणारा तरुण गाइडच्या परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करत होता. लेखी परीक्षा आहे, प्रत्यक्ष जंगलातलीही आहे, आणि दोन्ही कडक. झाडांची शास्त्रीय नावं तो वहीत उतरवून पाठ करायचा.

त्याची अडचण परीक्षेपेक्षा मोठी आहे. खोऱ्यातली माती आपल्या विदर्भासारखी काळी, चिकट. नोव्हेंबरात पाऊस लागला की रस्ते बुडतात, गवत-बांबूच्या छावण्या उतरवून ठेवतात, आणि त्याच्यासारखी हंगामी माणसं घरी मक्याच्या शेतावर परततात. कणसं भरली की तिथे हत्ती येतात. सकाळी पाहुणे ज्याला पाहायला दूरदेशातून येतात, त्याच हत्तीला हा रात्री मचाणावरून हाकलतो. मिरची घातलेल्या शेणाच्या गोवऱ्या धुमसत ठेवायच्या, पत्रे बडवायचे. हत्तीच्या एका रात्रीत कुटुंबाचं वर्षाचं धान्य जातं. २०२४ मध्ये तर पावसानंच दगा दिला. झांबियात मक्याचं पीक करपलं आणि सरकारला राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. पोटाला कमी पडलं की कुणीतरी हरणासाठी तारेचा फास लावतो, आणि त्यात सिंह आणि रानकुत्रेही अडकतात.

छावणीतल्या एका रात्रीचे पाहुणा शेकडो डॉलर मोजतो. त्यातले किती न्सेफूच्या लोकांपर्यंत पोचतात, हे त्याच्या बिलावर वेगळं छापलं पाहिजे. ज्या कुटुंबाचा मका हत्तीनं खाल्ला, त्याला भरपाई मळणीच्या आत मिळाली पाहिजे. तो तरुण पुढच्या हंगामात परीक्षेला बसणार आहे. तोवर पावसाळाभर त्याचा अभ्यास मचाणावरच व्हायचा आहे.