लांब पल्ल्याची शिकारी रायफल : समज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेतील कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना या पहाडी राज्यांत शरद ऋतू लागला, की एल्कच्या शिकारीचे परवाने घेतलेले लोक आपापल्या रायफली बाहेर काढतात; आणि त्यांच्यापैकी ज्यांची ऐपत आहे व हौसही दांडगी आहे, ते दुकानातल्या तयार रायफलीवर समाधान न मानता नळी एका कारखान्याची, खटक्याची यंत्रणा दुसऱ्याची, दस्ता तिसऱ्याचा अशी जुळणी कुशल कारागिराकडून करवून घेऊन स्वतःपुरती खास रायफल बांधवून घेतात. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीचा प्रश्न निकालात काढला, आणि ते उचितच झाले. तथापि शिकारकथांतून मनात रुजलेल्या बंदुकीविषयीच्या कल्पना मराठी वाचकाच्या ठायी अद्याप टिकून आहेत, आणि तिकडे स्थायिक झालेल्या एखाद्या आप्ताने तिथला रीतसर परवाना काढला, तर त्याच कल्पना त्याच्यासोबत रानात जातात. त्यांतील पुष्कळशा चुकीच्या आहेत, आणि त्या चुकांची किंमत शिकाऱ्याला नव्हे, तर जनावराला मोजावी लागते. सबब त्यांची शहानिशा होणे अगत्याचे आहे.

या गैरसमजांचे मूळ निवडीच्या उलट्या क्रमात आहे. मनुष्य प्रथम रायफलीवर लुब्ध होतो, मग तिला साजेसे काडतूस ठरवतो आणि त्या काडतुसात जी गोळी येईल ती मुकाट्याने स्वीकारतो. वस्तुतः या साऱ्या सरंजामापैकी जनावराला स्पर्श करते ती एकटी गोळी. म्हणून आधी प्राणी कोणता ते पाहावे, मग त्यास योग्य अशी गोळी, मग ती गोळी किती वेगाने तेथवर पोहोचली पाहिजे याचा हिशेब, आणि त्यानंतर काडतूस, नळी व दस्ता यांचा विचार करावा.

सांबराच्याच कुळातला एल्क घ्या. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो, आणि त्याला विनायातना मारावयाचे तर गोळीने कातडी, फासळ्या व स्नायू भेदून फुप्फुसांपर्यंत पोहोचावे आणि तेथे उमलून रुंद जखम करावी, असा दुहेरी भार तिच्यावर येतो. लष्करी बनावटीची, संपूर्ण धातूच्या कवचाची टोकदार गोळी आरपार जाते म्हणून ती उत्तम, असे अनेकांस वाटते. परंतु ती बहुधा उमलतच नाही, अरुंद छिद्र पाडून निघून जाते आणि जखमी जनावर तासन् तास तडफडत राहते. म्हणूनच कोलोरॅडोच्या शिकार-नियमांत प्रसरणशील गोळी सक्तीची आहे, एल्कसाठी तिचे किमान वजन ८५ ग्रेन मुक्रर केलेले आहे, आणि शंभर यार्डांवर तिच्या अंगी किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा शिल्लक असली पाहिजे असे बंधन आहे. (सात हजार ग्रेनांचा एक पौंड होतो; १४० ग्रेनांची गोळी म्हणजे साधारण नऊ ग्रॅम.)

काडतूस जितके जबर तितकी शिकार खात्रीची, ही समजूत सर्वांत चिवट आहे. १९४६ साली जॉन नॉस्लर हा अमेरिकन गृहस्थ कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मूस या महाकाय हरणाच्या शिकारीस गेला असता, त्याच्या हाती .३०० हॉलंड अँड हॉलंड मॅग्नम हे त्या काळचे अव्वल दर्जाचे जोरकस काडतूस होते. तरीही चिखलाने माखलेल्या त्या जनावराच्या अंगावर गोळ्या वरच्यावरच फुटून गेल्या, आत शिरल्याच नाहीत. दोष काडतुसाच्या दुबळेपणाचा नव्हता. वेग इतका प्रचंड होता, की मऊ शिशाची गोळी तो आघात सोसूच शकली नाही. त्यावर नॉस्लरने जी गोळी योजली ती मधोमध उभी कापून पाहिली, म्हणजे तिची युक्ती ध्यानी येते : तांब्याच्या मिश्रधातूच्या कवचात मध्यावर त्याच धातूची आडवी भिंत, भिंतीच्या पुढे शिसे आणि मागेही शिसे. पुढचा भाग आघाताने उमलतो व झिजतो, मागचा भाग भिंतीच्या आडोशाला अखंड राहून खोलवर जातो. १९४८पासून विक्रीस आलेली ही गोळी आजही बनते.

लांब पल्ल्यावर मात्र संकट नेमके उलट असते. हवेच्या विरोधाने गोळीचा वेग घटत जातो, आणि एका मर्यादेखाली ती उमलेनाशी होते. शिशाच्या गाभ्याच्या बहुतेक शिकारी गोळ्यांना उमलण्यासाठी सेकंदास सुमारे १,८०० फुटांचा, तर निव्वळ तांब्याच्या अनेक गोळ्यांना जवळजवळ २,००० फुटांचा वेग लागतो. ६.५ क्रीडमूर या सध्याच्या लोकप्रिय काडतुसाची १४० ग्रेनांची निमुळती गोळी नळीतून सेकंदाला २,७०० फुटांनी निघाली, तर पाचशे यार्डांवर तिचा वेग २,००० फुटांच्या आसपास उरतो. म्हणजे रायफल हजार यार्डांवरचे लक्ष्य वेधू शकत असली, तरी गोळीची शिकारीची मर्यादा त्याच्या पुष्कळ अलीकडे संपते. आणि खरी मर्यादा तीच होय.

लहान व्यासाची गोळी मोठ्या जनावरास अपुरी, हाही समज अनुभवाने खोटा ठरलेला आहे. स्वीडन-नॉर्वेत ६.५×५५ हे १८९४चे काडतूस शतकाहून अधिक काळ मूसच्या शिकारीत वापरले जात आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ साली जिम कॉर्बेटला भेट मिळालेली रिग्बी रायफल .२७५ची, म्हणजे ७×५७ माउझर काडतुसाची होती; आणि डब्ल्यू. डी. एम. बेल याने आफ्रिकेत मारलेल्या हजाराहून अधिक हत्तींपैकी बहुसंख्य याच काडतुसाने मारले. पण बेलच्या उदाहरणाचा विपर्यास होऊ नये : तो न उमलणाऱ्या घट्ट गोळ्या वापरी, हत्तीच्या अगदी जवळ जाई, आणि त्याच्या कवटीची रचना त्याने अभ्यासलेली होती. त्यावरून सिद्ध होते ते गोळीच्या योग्य जागेचे महत्त्व, लहान काडतुसाची लांब पल्ल्याची क्षमता नव्हे. उलट मॅग्नम काडतुसाचा एक तोटा क्वचितच हिशेबात धरला जातो. सारख्या वजनाच्या रायफलीत .३०० विंचेस्टर मॅग्नमचा खांद्यास बसणारा दणका ६.५ क्रीडमूरच्या सुमारे दुप्पट असतो, आणि त्याच्या धास्तीने चाप ओढण्याच्या क्षणी शरीर नकळत आकसले, की नेम ढळतो. तो दणका कमी करण्यासाठी नळीच्या तोंडाशी ब्रेक बसवितात. पण त्याने आवाज मागे फेकला जातो, आणि कानांस संरक्षण न घेता एकच बार काढला तरी श्रवणाला कायमची इजा संभवते.

मॅग्नमच्या पुंगळीच्या बुडाशी असलेला पट्टा बळकटीसाठी असतो, असे सांगितले जाते. तेही खरे नव्हे. १९१२च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडची पुंगळी फार निमुळती असल्याने ती नळीच्या कोठीत नेमक्या जागी टेकावी, यासाठी तो पट्टा आला, आणि पुढे गरज नसतानाही इतर काडतुसांनी तो वारशाने चालविला.

नळी लांब असली म्हणजे नेम अचूक, हाही भ्रमच. लांबीने वेग थोडा वाढतो, इंचाला साधारण वीस ते तीस फूट. अचूकतेचा संबंध नळीच्या ताठरपणाशी, आतील कोरणीच्या शुद्धतेशी आणि ती दस्त्यात कशी बसविली आहे याच्याशी आहे. त्या कोरणीच्या पिळाचा, म्हणजे ती गोळीला किती झपाट्याने फिरवते याचा, प्रश्न अधिक महत्त्वाचा. वूलविच येथील गणिताचे प्राध्यापक जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ साली दाखवून दिले, की गोळी स्थिर राहण्यास किती पीळ लागतो हे मुख्यतः तिच्या लांबीवर ठरते. तांबे शिशाहून हलके असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते व तिला अधिक तीव्र पीळ लागतो. जुन्या .२७० विंचेस्टरला दहा इंचांत एक फेरा असतो, ६.५ क्रीडमूरला आठ इंचांत. गोळी ठरविण्यापूर्वी नळी बसवून घेणाऱ्याच्या पदरी निराशा येते ती येथेच.

आता अचूकतेच्या कीर्तीविषयी. खास बांधलेली रायफल अर्ध्या मिनिटाच्या (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) कोनात गोळ्या टाकते, साधी रायफल एका मिनिटाच्या, म्हणून पहिलीसाठी दसपट दाम मोजले जाते. पाचशे यार्डांवर एक मिनिट म्हणजे सव्वापाच इंच. अर्थात दोहोंतला फरक केंद्रापासून जेमतेम सव्वा इंचाचा. त्याच अंतरावर ताशी दहा मैलांचा आडवा वारा वर वर्णिलेल्या गोळीला सुमारे चौदा इंच ढकलतो, आणि वाऱ्याचा अंदाज निम्म्याने चुकला तर सात इंच. एल्कच्या छातीतील मर्मस्थान फूटभरापेक्षा फारसे मोठे नसते. अर्थात लांब पल्ल्यावरचे यशापयश रायफलीच्या किमतीवर नव्हे, दरीत गवत कसे हलते व पलीकडच्या उतारावर धुके कोणीकडे सरकते हे वाचणाऱ्या डोळ्यावर अवलंबून राहते. शिवाय कागदावरचे गोळ्यांचे झुपके तापलेल्या नळीतून एकामागून एक झाडलेले असतात. रानात कामी येतो तो थंड नळीचा पहिलाच बार, आणि तो कोठे पडतो याची खातरजमा फार थोडे करतात.

गोळी नळीबाहेर पडल्यावर प्रथम वर उसळते, ही समजूत आजही ऐकू येते. गोळी पहिल्या क्षणापासून खालीच पडत असते; दुर्बिणीच्या दृष्टिरेषेच्या मानाने नळीच किंचित वर रोखलेली असते, एवढेच. चढावर नेम वर धरावा व उतारावर खाली, हेही तितकेच चूक : दोन्हीकडे नेम खालीच धरावा लागतो, कारण गोळीच्या पडण्याशी संबंध आडव्या अंतराचा. चाळीस अंशांच्या कड्यावरून चारशे यार्डांचा बार टाकताना हिशेब तीनशे सहा यार्डांचा धरावा. काडतुसाच्या खोक्यावर छापलेला वेग चाचणीच्या नळीतला असतो, आपल्या नळीतला नव्हे. आणि समुद्रसपाटीचे कोष्टक आठ हजार फुटांवरच्या विरळ हवेत गोळी वर टाकते.

हे सारे साधले तरी एक गोष्ट कोणत्याही कारागिराच्या हातची नाही. पाचशे यार्ड जाण्यास त्या गोळीला सुमारे दोन तृतीयांश सेकंद लागतो, आणि सावकाश चालणारा एल्क तेवढ्यात जवळजवळ तीन फूट पुढे सरकतो. छातीवर धरलेला नेम पोटात बसतो. थिओडोर रूझवेल्ट व जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी १८८७ साली स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने लांब पल्ल्याच्या बाराविषयी आक्षेप नोंदविताना अंतराचा आकडा बांधून दिलेला नाही; जनावराला शिकाऱ्याची चाहूल लागण्याची संधीच न ठेवता केवळ साधनांची परीक्षा पाहण्याच्या हेतूवर त्याचा रोख आहे. मला हा विचार सर्वस्वी मान्य आहे.

गोळी लागूनही जनावर पडले नाही म्हणजे ती चुकली, असे मानून माघारी फिरणे हा या साऱ्यांतला सर्वांत क्रूर गैरसमज होय. हृदय वा फुप्फुसे विदीर्ण झालेला एल्कही शंभर यार्ड धावू शकतो, आणि दुरून त्याच्या अंगावर जखमेची खूण दिसत नाही. म्हणून बार टाकण्यापूर्वीच तो जेथे उभा आहे तेथले झाड अथवा खडक ध्यानात ठेवावा, दरी ओलांडून त्याच जागी जावे, आणि रक्ताचा थेंब, केसांचा पुंजका व खुरांनी उकरलेली माती पाहत माग काढावा. अंधार पडण्यापूर्वी एवढा वेळ हाती नसेल, तर चापाला बोट लावू नये.