जिना चढण्याची मुदत

ज्या घरात आईवडील दोघेही पदवीविभूषित आणि थोरली कन्या चौथ्या वर्षीच अस्खलित वाचू लागलेली, तेथे पाचव्या वर्षी अक्षरांशी अडखळणारा धाकटा मुलगा साऱ्यांच्या चिंतेचा विषय होतो. परंतु या अंतराचे कारण पुष्कळदा बुद्धीत नसून मज्जातंतूंच्या घडणीत असते.

मेंदूतील संदेश ज्या तंतूंतून धावतात, त्यांवर जन्मानंतर हळूहळू एक स्निग्ध आवरण चढत जाते, आणि विजेच्या तारेवरील वेष्टनाप्रमाणे ते प्रवाह गळू न देता त्याचा वेग अनेक पटींनी वाढवते. दृष्टीचे व हालचालींचे मार्ग आधी सिद्ध होतात. अवधान आणि संयम सांभाळणारा कपाळामागील भाग मात्र विशी उलटल्यावरही घडत राहतो. हे वेळापत्रक प्रत्येक बालकाचे निराळे, म्हणूनच निरोगी मुलांतही कोणी ९व्या, तर कोणी १७व्या महिन्यात चालू लागते.

शिकवणीने ही मुदत अलीकडे ओढता येईल काय? अमेरिकेतील आर्नल्ड गेझेल व हेलन थॉम्पसन यांनी १९२९ साली प्रसिद्ध केलेला दाखला मला फार मोलाचा वाटतो. जुळ्या बहिणींपैकी एकीला ४६व्या आठवड्यापासून ६ आठवडे जिना चढण्याचा नित्य सराव देण्यात आला, दुसरीला ५३व्या आठवड्यापासून केवळ २ आठवडे. तरीही दुसरीने पहिलीला जवळजवळ गाठले. एका जोडीवरून सर्व विद्यांचा निकाल लागत नाही, आणि वाचन तर शिकवल्यावाचून येतच नाही. म्हणून गोष्टी वाचून दाखवाव्यात, पण तुलनेचा तगादा लावू नये. ऐकण्यापाहण्यात दोष वाटला, आलेले कौशल्य हरपले किंवा शाळेत रुळल्यावरही अडखळणे टिकले, तर तपासणीस विलंब लावू नये.