खेळातून चुकून बंदी आली तर

‘चीटिंग केलं’ म्हणून ऑनलाइन खेळातलं खातं बंद होतं, तेव्हा निकाल बहुतेकदा यंत्राने दिलेला असतो. यंत्रही चुकतं. 2010 मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने ‘मॉडर्न वॉरफेअर 2’च्या सुमारे 12,000 खेळाडूंवर चुकून बंदी घातली, मग ती उठवून त्यांना एक खेळ मोफत दिला. 2023 मध्ये एएमडीच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या ‘अँटी-लॅग प्लस’ सुविधेमुळे ‘काउंटर-स्ट्राइक 2’ खेळणारे निरपराध लोक बंदीत अडकले.

म्हणून अपिलात नुसती विनवणी नको. सामन्याची तारीख-वेळ, त्या वेळी चालू असलेली सॉफ्टवेअर, ड्रायव्हरची आवृत्ती आणि असेल तर रेकॉर्डिंग द्या. तोवर दुसऱ्या खात्यावरून खेळू नका, बाजू लंगडी पडते.

भारतात पुढची पायरीही आहे. कायद्याच्या व्याख्येत खेळाची कंपनी ‘मध्यस्थ’ (इतरांची माहिती पोहोचवणारी सेवा) असेल, तर तिच्या तक्रार अधिकाऱ्याने 24 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते. त्याचा निर्णय पटला नाही, तर 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे जाता येतं. 1 मार्च 2023 पासून हे काम ऑनलाइन चालतं. त्यासाठी दिल्लीतल्या मंत्रालयाच्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. पोच मात्र जपून ठेवा.